देवमाशाच्या हातातली शेंग

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "शैलाताई, तुम्ही म्युझियममध्ये नक्की काय करायचात, त्यावर लिहा ना." मी म्हटलं, मडकी पुसायचे. ते हसले. त्यांना वाटलं मी उगाच नम्रपणा दाखवतेय. पण खरंच, तीसेक वर्षं मी लंडनमधल्या एका म्युझियमच्या तळघरात बसून मुख्यतः मडकीच पुसली.

हे काम करणाऱ्याला कॉन्झर्वेटर म्हणतात. लंडनच्या पिनर भागात नवीन राहायला आलो तेव्हा शेजारच्या बाईंना मी हे सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं निवडणुकीचं पत्रक आणून दिलं, आपल्याच पक्षाची म्हणून. पेणला माझ्या मामीने तर सगळ्या आळीत सांगितलं होतं की शैला तिकडे पेरूवर काम करते. गुलाबी गराच्या की पांढऱ्या, असंही कुणीतरी विचारलं म्हणे. देश पेरू, फळ नव्हे, हे मी दोनदा समजावलं आणि सोडून दिलं.

एवढ्या वर्षांत मी शेकड्यांनी रिपोर्ट लिहिले. भांड्याला काय झालं होतं, मी त्याचं काय केलं, कशाने केलं. त्यातल्या एका रिपोर्टात एक वाक्य मी खोटं लिहिलं. ते वाक्य सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं फाइलीत गुपचूप पडून होतं, आणि मग एका मुलीने आपली तीन वर्षांची मेहनत त्याच्यावर उभी केली. तेवढीच एक गोष्ट सांगते. बाकी पगार-बढत्या सगळ्यांच्या सारख्याच असतात.

पण आधी मडक्यांविषयी सांगायला हवं.

पेरूच्या दक्षिण किनाऱ्याला वर्षानुवर्षं पाऊस न पाहिलेलं वाळवंट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे नाझ्का लोक राहत. विमानातून दिसणारी जमिनीवरची प्रचंड चित्रं टीव्हीवर पाहिली असतील, ती त्यांचीच. त्यांना कुंभाराचं चाक माहीत नव्हतं. मातीच्या वळकट्या एकावर एक चढवून ते भांडं घडवायचे आणि त्यावर रंगीत मातीच्याच पातळ लेपाने चित्रं काढून, दगडाने घोटून, मग भाजायचे. म्हणजे रंग वरून फासलेला नाही, तो भाजून अंगात मुरलेला. लाल, गेरू, करडा, जांभळट, सायीसारखा पांढरा. एकेका भांड्यावर इतके रंग की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे कुणीतरी गेल्या आठवड्यात रंगवलंय.

आणि त्यावरचे ते प्राणी! माणसाच्या अंगाला मांजराच्या मिशा. सापासारखं लांबच लांब शरीर आणि त्याच्या पाठीतून फुटलेली रोपं. माणसं खाणारा पक्षी. आणि देवमासा, ज्याला पोटाखाली चक्क एक माणसाचा हात असतो. त्या हातात कधी सुरी असते, कधी केसांना धरलेलं कापलेलं मुंडकं. ही भांडी बहुतेक थडग्यांत सापडतात. मेलेल्या माणसाच्या सोबतीला ठेवलेली.

पहिल्या वर्षी हे सगळे माझ्या स्वप्नात यायचे. भीती कधी वाटली नाही. स्वप्नात मी भांड्याच्या आत बसलेली असायचे आणि ते बाहेरून गोल गोल फिरत असायचे. त्या भांड्यांना वर दोन नळ्या असतात, मधे कडी जोडलेली. त्या दोन नळ्यांतून प्रकाशाचे दोन कवडसे आत उतरायचे आणि मी ओळखायचे, आता देवमासा चालला, आता पक्षी. जाग आली तरी ते फिरणं थोडा वेळ थांबायचं नाही. ट्यूबमध्ये पिनरपासून शहरापर्यंत मी डोळे मिटून तेच बघत जायचे.

माझा हात या कामाला बसला तो पेणमुळे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळं रंगकाम झाल्यावर शेवटी ते बसायचे आणि तासाभरात ओळीने पन्नास गणपती बघायला लागायचे. अण्णांचा एक नियम होता. मन जाग्यावर नसेल त्या दिवशी ब्रशला हात लावायचा नाही. म्हणायचे, "शैले, त्या दिवशी गणपतीचे डोळे उतरत नाहीत, आपले उतरतात." आजी गेली तेव्हा कारखान्याचा मालक हातापाया पडला तरी ते तीन दिवस बसले नाहीत. ते शाडूच्या मातीचे कट्टर. प्लॅस्टर ऑफ पॅरिसला शिव्या द्यायचे. आणि त्यांच्या मुलीने लंडनला येऊन जन्मभर दोन हजार वर्षांच्या भांड्यांच्या भोकांत प्लॅस्टरच भरलं.

माझे वरिष्ठ ब्रायन. उंच, वाकलेले, दुपारच्या डब्यात रोज एकच काकडीचं सँडविच. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं की उत्तम साबण आपल्या तोंडात आहे. कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा आणि त्याने भांडं पुसायचं. थुंकीने जुना मळ अलगद निघतो, रंगाला धक्का लागत नाही. जगभर सगळे हेच करतात. मी घरी आले आणि सुहासला, माझ्या नवऱ्याला म्हटलं, मला हे जमणार नाही. अरे, मेलेल्या माणसासाठी वाढून ठेवलेलं भांडं, आणि मी ते उष्टं करायचं?

चार दिवस मी नुसत्या पाण्यावर भागवलं. ब्रायननी पाचव्या दिवशी विचारलं, काय अडचण आहे. उष्टं म्हणजे काय हे इंग्रजीत समजावायला मला पाऊण तास लागला. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, दुसऱ्याच्या ताटातलं खायचं नाही, अपवाद फक्त आईच्या ताटाचा. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे ज्याचं उष्टं चालतं तो घरचा, असंच ना? मग तू यांच्या घरची हो." मी काडी जिभेला लावली. त्यानंतर बोळा तोंडात घालताना मला कधी काही वाटलं नाही, फक्त आधी कॉफी प्यायची नाही एवढं पथ्य पाळलं.

वर्षातून एकदा लोकांनी आपापल्या वस्तू घेऊन यायचा दिवस असे. एकदा वॉटफर्डहून एक निवृत्त शिक्षिका आल्या. नवऱ्याने बोटीवर असताना आणलेलं दोन नळ्यांचं भांडं शालीत गुंडाळून, मांडीवर तान्हं मूल घ्यावं तसं. मी ते उलटं केलं, वास घेतला, नखाने बुडाशी खरवडलं. रंग नखात आला. पर्यटकांसाठी केलेलं होतं. हे सांगताना मला फार कठीण गेलं. बाईंचा चेहरा मात्र उजळला. म्हणाल्या, "हुश्श! म्हणजे मी याने झाडांना पाणी घालते ते चालेल ना?" तेव्हापासून मी खोटं भांडं घेऊन आलेल्यांची कीव करणं सोडलं.

आता आमचा देवमासा.

तो आमच्याकडे मी जन्मायच्या आधीपासून होता. वीतभर उंच, गोल पोटाचं भांडं, आणि त्याच्या अंगभर वेढा घालून पोहणारा देवमासा. मोठे दात, मोठा डोळा. या भांड्यांची गंमत अशी की पूर्ण चित्र एका वेळी कधीच दिसत नाही. शेपूट दिसली की तोंड पलीकडे गेलेलं असतं. फिरवत राहावं लागतं. सकाळी खिडकीतून जेवढा उजेड तळघरात यायचा तेवढ्यात मी तो फिरवत बसायचे आणि खरंच वाटायचं, मी फिरवत नाहीये, तो पोहतोय.

त्याचा एक तुकडा हरवलेला होता, तळहाताएवढा. नेमका हाताच्या पुढचा. माणसाचा हात दिसायचा, मूठ वळलेली दिसायची, आणि मुठीतून काळ्या चार बारीक रेघा निघून तुटलेल्या कडेपाशी संपायच्या. त्या मुठीत काय होतं, ते तुकड्याबरोबर गेलं.

नवीन दालन उघडायचं होतं. ब्रायन म्हणाले, "भोक भर. कडेला चित्राचा पुरावा सापडला तर रंगव. नाही सापडला तर साधा मातीचा रंग दे आणि सोड." आमच्या धंद्याचा सगळा धर्म या तीन वाक्यांत आला. दुसरा नियम असा की जे करायचं ते उद्या कुणाला पुसता आलं पाहिजे.

मी प्लॅस्टर भरलं, घासून सपाट केलं. आणि शुक्रवारी सकाळी पेणहून फोन आला की आई गेली.

माझा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या मुदतवाढीच्या कामाला गेलेला होता. तो यायला तीन आठवडे लागले. अण्णा शेजाऱ्यांच्या फोनवरून म्हणाले, "तू धावपळ करू नकोस. आम्ही आहोत सगळे." आम्ही लगेच फोन ठेवला, कारण मिनिटांचे पैसे चालले होते आणि दोन्हीकडे कुणाला रडायचं नव्हतं. तेराव्याला सगळे पेणला जेवत होते आणि मी तळघरात देवमाशासमोर बसले होते.

आईबरोबर मी शेवटचं जे केलं ते वाल सोलणं. इकडे यायच्या आदल्या दिवशी बिरड्यासाठी मोड आलेले वाल गरम पाण्यात टाकून आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. वालाच्या दाण्याला एका कडेला उंचवट्याची पांढरी रेघ असते. आई त्याला वालाचं नाक म्हणायची. नाकाशी दाबलं की दाणा सालातून सटकन बाहेर येतो. लहानपणी सगळी नाकं मी एकीकडे गोळा करून ठेवायचे आणि ती मला रागवायची.

त्या दिवशी हात स्थिर होता. मन जाग्यावर नव्हतं. मुठीतल्या काळ्या रेघा म्हणजे केस, हे मला कळत नव्हतं असं नाही. अशा मुठींत काय असतं ते मी शंभरदा पाहिलेलं होतं. पण मला त्या दिवशी मुंडकं काढायचं नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, ही मुळं आहेत. रोप आहे. नाझ्का लोक शेंगा काढतातच की, पाठीतून फुटलेल्या, तोंडातून फुटलेल्या. दुपारपर्यंत देवमाशाच्या हातात एक शेंग आली. वाकडी, अर्धी उघडलेली, आत तीन दाणे. त्यांच्याच रंगात, त्यांच्याच काळ्या रेघेने. कुणी म्हणणार नाही की हे वेगळ्या हाताचं आहे. अण्णांची मुलगी होते मी.

ब्रायन बघून गेले. "सुंदर. कडेला खुणा होत्या ना?" मी म्हटलं, हो. आणि रिपोर्टात लिहिलं: हातातील वस्तू मूळ रंगाच्या शिल्लक खुणांवरून पूर्ण केली.

बस, एवढंच. त्यानंतर पासपोर्ट आला, मी जाऊन आले, आणि वाक्य तिथेच राहिलं.

देवमासा लोकांना फार आवडला. सगळे देवमासे मुंडकी धरून, आणि हा एकटा शेंग घेऊन. पोस्टकार्डावर गेला. शाळेच्या मुलांसाठी त्याचं रंगवायचं चित्र निघालं. माझी मुलगी ईशा, जन्म इथलाच, लहानपणी मैत्रिणींना दाखवायला घेऊन यायची. "हा माय आईचा व्हेल आहे. ती कोणाला मारत नाही, ती फक्त बीन्स खातो." व्याकरणाचा असा चुराडा, पण मला तो देवमाशाला शोभायचा. ब्रायन निवृत्त झाले, मग वारले. त्यांना सांगायचं माझ्या मनात दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा ते काकडीचं सँडविच खात होते आणि मी बघत राहिले. याची मला आजही लाज वाटते.

मी निवृत्त व्हायला चार महिने होते तेव्हा लुसियाची ईमेल आली. पेरूची मुलगी, त्याच वाळवंटाकडच्या गावची. इथल्या विद्यापीठात नाझ्का भांड्यांवरच्या वनस्पतींवर पीएचडी करत होती. तिने लिहिलं होतं की आमच्या देवमाशाच्या हातातली शेंग जगात दुसऱ्या कुठल्याच भांड्यावर नाही. तिच्या गावाकडे जी पाल्यार नावाची मोठी चपटी बी होते, तिची ही शेंग नव्हे. म्हणून तिने शेंगांच्या एका जाणकाराला फोटो दाखवला. तो म्हणाला, दाण्याच्या कडेवरची ही पांढरी उंच रेघ फक्त एकाच जातीला असते, आणि ती भारताकडची, आफ्रिकेकडची. दोन हजार वर्षांपूर्वी ती पेरूला असण्याचं काहीच कारण नाही.

मी ईमेल वाचली आणि खुर्चीवर मागे टेकले. तीन दाण्यांना मी नाकं काढली होती. मला आठवतही नव्हतं. हाताने काढली होती.

पुढचं आणखी वाईट होतं. यावर तिने एक पूर्ण प्रकरण लिहिलं होतं. एक तर समुद्रापलीकडून कुणी आलं असेल, नाही तर पेरूत एक शेंग होती जी आता नाहीशी झाली. तिच्या मार्गदर्शकांना दुसरी शक्यता पसंत होती. दोन आठवड्यांनी मोठ्या परिषदेत ती हे मांडणार होती. तो भाग नंतर भरलेला आहे हे तिला ठाऊक होतं, पण मी लिहिलेलं वाक्यही तिने शब्दशः घेतलं होतं: मूळ रंगाच्या शिल्लक खुणांवरून. तेवढ्या वाक्यावर ती उभी राहणार होती, सगळ्यांसमोर, माझ्या आईचे वाल घेऊन.

रात्रीच्या जेवणाला मी सुहासला सांगितलं. तो पोळी चावत म्हणाला, "अगं, चार महिने राहिलेत. फेअरवेलचा केकसुद्धा ऑर्डर झाला असेल. खुणा होत्या, नंतर उडाल्या असं म्हण. कोण प्रूव्ह करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि ती मुलगी?"

"तिला म्हणावं, बी केअरफुल. एवढं पुरे."

तो वाईट माणूस नाही. माझं नाव जपायला बघत होता. मलाही क्षणभर पटलं, ते नाकारून उगाच खोटं कशाला बोलू? पण उघडी पडली असती ती मूठ माझी नव्हती. आज ना उद्या कुणीतरी वालाची शेंग ओळखली असती, आणि हसं झालं असतं लुसियाचं.

ती आली एका गुरुवारी. पंचविशी-तिशीची, बुटकी, मानेला लोकरीचा रुमाल. देवमासा टेबलावर वाळूच्या उशीवर ठेवला होता. तिने त्याला हात लावायच्या आधी त्याच्याशी स्पॅनिशमध्ये हळूच काहीतरी म्हटलं. मी विचारलं काय म्हणालीस. "परवानगी मागितली," ती म्हणाली. "माझी आजी मागायची. तिच्या शेतात असे तुकडे निघायचे." मग भिंग काढून ती शेंगेवर वाकली आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मला बघवेना.

"लुसिया," मी म्हटलं, "ती शेंग मी काढली आहे."

"हो, रिपोर्टात आहे ना. खुणांवरून."

"खुणा नव्हत्या."

तिने भिंग खाली घेतलं नाही. मी सगळं सांगितलं, आई, पासपोर्ट, पडवी, वालाचं नाक. इंग्रजीत सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटत होतं की मी दोनदा थांबले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं हे केस आहेत?"

"हो."

"आणि तुम्ही लिहिलंत."

"हो. मी खोटं लिहिलं."

तिने वही बंद केली, पेन टोपणात घातलं, रुमाल गुंडाळला. दारात वळून म्हणाली, "मला वाटलं होतं माझ्या लोकांना माहीत असलेलं, आता कुणालाच माहीत नसलेलं काहीतरी मला सापडलं." आणि गेली. मी त्या दिवशी काहीच काम केलं नाही. नुसती भांड्यासमोर बसले. देवमासा शेंग धरून माझ्याकडे बघत होता आणि पहिल्यांदाच मला तो डोळा ओळखीचा वाटेना.

सोमवारी ती न सांगता परत आली. शनिवार-रविवार झोपली नसावी, डोळे सुजलेले होते. प्रकरण काढून टाकल्याचं तिने मार्गदर्शकांना कळवलं होतं. परिषदेतून नाव मागे घेतलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "ते पुसता येतं ना? तुमचा नियम आहे ना?"

"येतं."

"मग पुसा. मी बघते."

मी वरिष्ठांना तसं लेखी कळवलं, परवानगी घेतली, आणि बुधवारी आम्ही दोघी बसलो. या कामाला थुंकी चालत नाही, अ‍ॅसिटोन लागतं. नेलपॉलिश काढायचंच ते. काडीला कापूस गुंडाळताना अण्णा आठवले. मन जाग्यावर नसेल तर ब्रशला हात लावू नये. पण हा ब्रश नव्हता. अण्णा असते तर म्हणाले असते, बस.

पहिला फेरा शेंगेच्या टोकावर. तांबूस रंग कापसावर आला. दुसरा फेरा, तिसरा. काळी रेघ विरघळली. मग पहिला दाणा, मग दुसरा. आई गेली त्या वर्षी मी रडले नव्हते, तेराव्याला, वर्षश्राद्धाला, कधीच नाही. तिसऱ्या दाण्याचं नाक गेलं आणि मी काडी खाली ठेवून हमसून हमसून रडले. लुसियाने नवीन काडीला कापूस गुंडाळून ती माझ्यापुढे धरली. गुंडाळणं चुकीचं होतं, सैल, पण मी तेवढ्यानेच पुसलं.

दहा-पंधरा मिनिटांत काही उरलं नाही. प्लॅस्टरचा पांढरा तुकडा, त्याला टेकलेली मूठ, आणि मुठीतल्या चार रेघा. तिने भिंग लावलं.

"केसच आहेत," ती म्हणाली. मग भिंग बाजूला ठेवून, "पण तुम्हाला माहीत आहे ना, काही भांड्यांवर मुंडक्याच्या तोंडातूनच रोप फुटतं. मेलेल्याच्या तोंडातून शेंगा. नाझ्का लोक ती मुंडकी बियांसारखी पेरायचेच." माझ्याकडे न बघता म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून असेल, नसेलही.

आता तिथे मुंडकं काढावं असं एक-दोघांनी सुचवलं. मी म्हटलं, केस आहेत एवढं कळतं, मुंडकं कसं होतं ते कळत नाही. साधा मातीचा रंग दिला. मग मी नोकरीतला शेवटचा रिपोर्ट लिहिला. वरिष्ठांनी वाचून विचारलं, शेवटची दोन वाक्यं ठेवायची का. मी म्हटलं ठेवायची, आणि ती राहिली. ती अशी: हातात काय होतं ते माहीत नाही. आधी इथे जी शेंग होती, ती माझ्या आईच्या घरची होती.

लुसियाने प्रबंध एक वर्ष उशिरा पुरा केला. त्यात एक तळटीप आहे, शेंग कुठून आली त्याची. माझं नाव घालू का, असं तिने विचारलं होतं. मी म्हटलं, घाल, आणि आईचंही घाल. विमल.

माझ्या निरोपाच्या दिवशी लुसिया आली होती. केक खाऊन झाल्यावर तिने मला एक पुडकं दिलं. दक्षिण लंडनमधल्या तिच्या देशाच्या दुकानातून आणलेले पाल्यार, मोठे, पांढरे, चपटे. मी ते रात्री भिजत घातले, फडक्यात बांधून ठेवले. मोड येतील अशी खात्री नव्हती, पण निम्म्यांना आले. रविवारी ईशा आली. मी गरम पाण्याचं पातेलं मधे ठेवलं आणि आम्ही दोघी पिनरच्या किचनमध्ये सोलायला बसलो.

ती नेहमीच्या सवयीने दाण्याच्या कडेशी दाबायला गेली. बोट अडलं. दाणा उजेडात धरून तिने फिरवून फिरवून बघितला.

"आई, याला नाक नाहीये."

"नाही," मी म्हटलं. "यांना नसतं."